लस आणि जगण्याचं प्रयोजन: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लस टोचायची दंडावर. तिचा जगण्याच्या प्रयोजनाशी काय संबंध?

लस आज घ्यायची आणि तिचा उपयोग व्हायचा तो पुढे कधीतरी. त्यामुळे ज्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी पुढचं उभं आहे, त्याचे पाय आरोग्य केंद्राकडे लवकर वळतात. ज्याला आपलं सगळं उरकलं असं वाटतंय, तो घराशेजारच्या उपकेंद्रातली फुकटची लससुद्धा टाळतो. लसीकरणाच्या कामात इतकी वर्षं घालवल्यावर मला ही गोष्ट वारंवार दिसली आहे, म्हणून हे प्रश्न एकत्र करून लिहिते आहे.

प्रयोजन म्हटलं की लोकांना काहीतरी मोठं ध्येय वाटतं. तेवढं लांब जायला नको. पहाटे धार काढून वेळेत डेअरीला दूध घालणं, नातवाला शाळेच्या रिक्षात बसवणं, हुपरीत पैंजणाला घुंगरू जोडत बसणं, चैत्रात सासनकाठीबरोबर जोतिबाचा डोंगर चढणं, ही सगळी प्रयोजनंच. ‘उद्या मी गेलो नाही तर कुणाचं तरी अडेल’ असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला जगायला कारण आहे.

यावर शास्त्रीय अभ्यास झालाय, की ही नुसती आपली समजूत?

अभ्यास झालाय. कॅरल रिफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये मानसिक स्वास्थ्याचे सहा पैलू मांडले, त्यात ‘जगण्यात प्रयोजन असणं’ हा एक होता. प्रश्नावलीच्या मदतीने तो मोजताही येऊ लागला. पुढे २०१४ मध्ये एरिक किम, व्हिक्टर स्ट्रेकर आणि रिफ यांनी अमेरिकेतल्या पन्नाशी ओलांडलेल्या सात हजारांहून अधिक माणसांची सहा वर्षांची माहिती तपासली. प्रयोजनाचे गुण जास्त असलेली माणसं कोलेस्टेरॉल, स्तनांचा कर्करोग, प्रोस्टेट अशा तपासण्या वेळेवर करून घेताना जास्त दिसली. त्या मापावर एकेक गुण वर जावं तशा रुग्णालयात काढाव्या लागलेल्या रात्री १७ टक्क्यांनी कमी होत गेल्या.

लशीबद्दल थेट बोलायचं, तर पॅट्रिक हिल, अँथनी बरो आणि स्ट्रेकर यांचा अभ्यास २०२१ मध्ये आला. सुमारे दोन हजार अमेरिकी प्रौढांना विचारलं, त्यात जगण्याचं प्रयोजन जास्त जाणवणारे लोक कोविडची लस घ्यायला अधिक तयार होते.

मात्र हे वाचून लगेच उड्या मारू नयेत. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं सिद्ध होत नाही. ज्याची तब्येत बरी, हातात पैसा, घरात माणसं, त्याला प्रयोजनही जाणवतं आणि दवाखान्यात जाणंही जमतं. शिवाय लस घ्यायची तयारी दाखवणं वेगळं आणि प्रत्यक्ष रांगेत उभं राहणं वेगळं. अमेरिकेतला निष्कर्ष भुदरगडच्या वाडीवर जसाच्या तसा बसेल असं मी म्हणणार नाही. दिशा दाखवायला मात्र तो पुरेसा आहे.

म्हणजे जे लस घेत नाहीत त्यांना जगण्यात रस नसतो?

मुळीच नाही. असा अर्थ कुणी काढत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

ऊसतोडीला आलेल्या बाईकडे बघा. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून टोळी येते, फडाशेजारी खोप पडते, पहाटे अंधारात कोयता हातात आणि पोरगं बांधावर. तिच्या नऊ महिन्यांच्या बाळाचा गोवर-रुबेलाचा डोस याच हंगामात येतो. लसीकरणाचं कार्ड गावाकडच्या पेटीत. इथली आरोग्य सेविका कोण, तिचा वार कुठला, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. एक खाडा केला तर मजुरी जाते. या बाईचं सगळं जगणंच त्या पोरासाठी चाललंय. तिला प्रयोजन शिकवायला जाणाऱ्या माणसाने आधी तिच्या खोपीपर्यंत लस न्यावी.

तिला एवढंच सांगायचं: बाळ कुठल्याही जिल्ह्याचं असो, सरकारी सत्रात त्याला लस मिळते, तीही मोफत. कार्ड नाही म्हणून परत पाठवायचं नसतं. मुकादमाचा फोन नंबर आशाताईंकडे असला तर निम्मं काम होतं. कारखान्याच्या हद्दीत राहणाऱ्या वाचकांनी हे मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वडील म्हणतात, “आता माझं काय ऱ्हायलंय? पोरास्नी द्या.” त्यांना काय सांगावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. घरातली माणसं सहसा दोन गोष्टी करतात: एकतर घाबरवतात (“न्यूमोनिया झाला म्हणजे कळेल”), नाहीतर चिडतात. दोन्हींचा उपयोग होत नाही. ज्याला मरणाची फारशी भीती उरलेली नाही त्याला मरणाची भीती घालून काय मिळणार?

एका तालमीतल्या वस्तादांचं सांगते. वय सत्तरीच्या पुढे. पोरं जोर-बैठका मारायच्या आत हे हौद्यात उतरून खोऱ्याने माती उकरणार. लाल माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. पाय अनवाणी. एकदा खोऱ्याचा कोपरा पायाच्या अंगठ्याला लागला. रक्त थांबावं म्हणून त्यांनी तीच माती दाबली आणि कामाला लागले. मी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं काढलं तेव्हा म्हणाले, “बाई, ही माती आयुष्यभर अंगाला लावली. आता हिनं मारलं तर मारू दे.”

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, “वस्ताद, औंदा मैदानात तुमची किती पोरं उतरणार?” मग ते बोलत सुटले. कुणाचा ढाक डाव चांगला बसतो, कुणाचा खुराक कमी पडतोय, कुणाच्या बापाने पोराला तालमीतून काढायचं चालवलंय. सगळं झाल्यावर स्वतःच म्हणाले, “त्या गड्याला अजून दोन वर्षं तरी मी लागतोय.” मी म्हटलं, “मग दोन वर्षं पाय नीट ऱ्हायला पायजे न्हवं?” जखम धुऊन घेतली, इंजेक्शन घेतलं. आठवड्याभराने तालमीतल्या पोरांना रांगेने घेऊन आले, ते मी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या मातीबद्दलही स्पष्ट सांगायला हवं, कारण कोल्हापुरात घरोघरी तालमीची माणसं आहेत. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात सुप्त अवस्थेत वर्षानुवर्षं राहतात. हळद-ताकाने ते मरतीलच असं धरून चालू नये. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे शेजाऱ्याने लस घेतली म्हणून आपलं संरक्षण होत नाही. एकदा धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही पुन्हा होऊ शकतो. लस प्रत्येकाने स्वतःच घ्यावी लागते.

तेव्हा वडिलांशी बोलताना आजाराचं नाव शेवटी घ्या. आधी विचारा, येत्या वर्षात त्यांना काय बघायचंय, कुठे जायचंय, कुणाला काय शिकवायचंय. उत्तर ऐकायला वेळ ठेवा. आणि उत्तर आलंच नाही, तर पुढचा प्रश्न वाचा.

वडिलांना कशातच रस उरलेला नाही. लशीचं सोडा, जेवतही नाहीत.

मग लशीचा विषय बाजूला ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, भूक नाही, माणसांत बसत नाहीत, ‘मी कुणाच्या उपयोगाचा नाही’ असं परत परत म्हणतात, तर ते नैराश्य असू शकतं. म्हातारपणाचा स्वभाव म्हणून ते सोडून देऊ नका. जोडीदार गेल्यावर, निवृत्तीनंतर, पुरात घर गेल्यावर हे होताना दिसतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगेकाठच्या गावांत कितीतरी म्हातारी माणसं गप्प झाली. घराची भिंत नव्याने उभी राहिली, तरी गोठ्यातलं जनावर गेलं ते गेलंच, आणि त्याच्याबरोबर पहाटे उठायचं कारणही गेलं.

याला उपचार आहेत. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठ्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवता येतं. मनाला उभारी आली की लशीचं नंतर बघू.

लस घेतल्याने आयुष्याला अर्थ मिळतो का?

नाही. लस शरीराला आजाराची ओळख करून देते, तेवढंच तिचं काम. लस देण्याच्या कामातून मात्र अनेकांना जगण्याचं कारण सापडलेलं मी पाहिलंय. पल्स पोलिओच्या रविवारी मध्यवर्ती बसस्थानकावर टेबल मांडून बसणारी कॉलेजची पोरं, एसटीतून उतरणाऱ्या प्रत्येक बाळाची करंगळी तपासणारी. वाडीवर डोक्यावर पदर घेऊन फिरणाऱ्या आशाताई, ज्यांना आधी सासरचं कुणी विचारत नव्हतं आणि आता सरपंच विचारून मगच बोलतो. भारतात पल्स पोलिओ १९९५ मध्ये सुरू झालं. नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला सगळा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या कामात लाखो साध्या माणसांचे रविवार गेलेत. निवृत्त शिक्षकांना मी नेहमी सांगते, सत्राच्या दिवशी केंद्रावर येऊन बसा, नोंदी लिहा, रडणाऱ्या पोराला धरा. माणसं कमी पडतात.

आमची सून शिकलेली आहे, बाळावर जीव टाकते, तरी लस नको म्हणते. तिला तर प्रयोजनाची कमी नाही.

बरोबर ओळखलंत. प्रयोजन माणसाला बळ देतं, पण ते बळ कुठल्या बाजूला लागेल ते त्याच्या माहितीवर आणि विश्वासावर ठरतं. बाळाला जपायचं म्हणूनच ती नको म्हणते आहे. तिला ‘अडाणी’ म्हणालात तर ती आणखी घट्ट होईल, आणि ते चूकही आहे.

तिच्या भीतीला इतिहास आहे. वाल्देमार हाफकीन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पण १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला एकाच दूषित बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. दोष हाफकीन यांच्यावर आला, त्यांचं काम सुटलं आणि निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. लशीच्या बाटलीत गडबड होऊ शकते हे जगाने असं किंमत देऊन शिकलेलं आहे. आजची बरीचशी शिस्त अशा धड्यांतून आलेली आहे, आणि ती सुनेला डोळ्यांनी बघता येते.

सत्राला जाऊन तिला हे मागू द्या: “बाटली दाखवा.” लशीच्या बाटलीवर एक गोल आणि त्याच्या आत चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरण्याजोगी. चौकोन गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला म्हणजे बाटलीला जास्त उष्णता लागली, ती टाकायची. सरकारी सत्रातली सुई-सिरिंज एकदा वापरली की तिचा दट्ट्या अडकतो, ती पुन्हा भरताच येत नाही. बीसीजी (क्षयाची लस) आणि गोवर-रुबेलाची लस तिच्यासाठीचं ठरलेलं द्रावण मिसळून तयार करतात; मिसळल्यावर चार तासांनी उरलेली टाकून द्यायची असते, म्हणून नर्सताई बाटलीवर वेळ लिहितात. वेळ लिहिलेली नसेल तर विचारायचा तिला हक्क आहे. मी इतक्या आयांना बाटली दाखवली, एकीनेही ती बघून पाय मागे घेतला नाही.

त्रासाबद्दलही खरं सांगा. पेंटाच्या (पाच आजारांवरच्या एकत्र लशीच्या) इंजेक्शननंतर ताप येतो, मांडी दुखते, बाळ किरकिर करतं. दिलेलं तापाचं औषध सांगितल्याप्रमाणे द्यायचं, सुजेवर काहीही चोळायचं नाही. गंभीर ॲलर्जी फार क्वचित होते, पण झाली तर बहुतेक वेळा लगेचच होते, त्यासाठी अर्धा तास केंद्रावर थांबवतात. तो अर्धा तास घाईत सोडू नका.

आजींच्या दंडावर मोठा व्रण आहे, तो कशाचा?

देवी काढल्याचा, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचल्याचा. पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांच्या हातावर तो दिसेल. भारतात ही लस सर्वांत आधी टोचली गेली ती आपल्या मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. (तरुणांच्या दंडावरचा छोटा व्रण बहुधा बीसीजीचा असतो.)

लस नको म्हणणाऱ्या सुनेला डॉक्टरांपेक्षा अशा आजीशी बोलू द्या. देवी आलेलं घर, दाराला बांधलेला लिंबाचा पाला, डोळे गेलेला भाऊ, हे आजींनी पाहिलेलं असतं. ‘आता माझा काय उपयोग’ म्हणणाऱ्या आजीला सांगण्यासारखं किती आहे, हे त्या दिवशी घरालाही कळतं.

माझ्या लशीचा दुसऱ्यांना खरंच उपयोग होतो का?

आजारावर अवलंबून आहे. धनुर्वाताचं वर सांगितलंच. गोवराचं अगदी उलट: एका रुग्णाकडून लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना तो होऊ शकतो, आणि त्याला रोखायला गावातली सुमारे ९५ टक्के माणसं संरक्षित असावी लागतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराने डोकं वर काढलं, लहान मुलं दगावली.

रुबेलाचं उदाहरण मला सगळ्यांत भिडतं. मुलांना तो झाला तर चार दिवस पुरळ, विषय संपला. पण गरोदर बाईला सुरुवातीच्या महिन्यांत झाला, तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय यांच्यावर घाला येऊ शकतो. म्हणून ही लस मुलग्यांनाही देतात. नऊ महिन्यांचा एक पोरगा आज टोचून घेतो आणि अजून न जन्मलेल्या, कधीच न भेटणाऱ्या बाळाला वाचवतो.

मोठ्यांनी कुठल्या लशी घ्याव्यात?

नक्की यादी तुमच्या डॉक्टरांनी ठरवायची. मधुमेह, दमा, किडनीचा आजार, सुरू असलेली औषधं त्यांना सांगा. साधारण असं: धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर दर दहा वर्षांनी. फ्लूची लस दरवर्षी, कारण विषाणू रूप बदलतो. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून पावसाच्या आधी घेतलेली बरी. ज्येष्ठांना न्यूमोकॉकल लस, न्यूमोनियासाठी.

नागिणीबद्दल जरा सविस्तर, कारण इथे अजून गेरू लावून मंतरून घेतात. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यावर तोच विषाणू मज्जातंतूंत दबा धरून बसतो आणि उतारवयात अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखा उमटतो. पुरळ जातं, पण आग आणि कळा काहींना महिनोन्‌महिने छळतात, सदऱ्याचा स्पर्श सोसत नाही. पन्नाशीनंतर घ्यायची लस आता भारतात मिळते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. ती महाग आहे, आधी किंमत विचारा. पुरळ दिसल्यावर मात्र पहिल्या तीन दिवसांत डॉक्टर गाठा, गोळ्यांचा उपयोग तेव्हाच जास्त होतो.

कोल्हापुरात लस कुठे मिळेल?

मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या लशी सीपीआरला, महापालिकेच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात आणि ठरलेल्या दिवशी अंगणवाडीत मोफत. वार आशाताईंना विचारा. मोठ्यांच्या फ्लू, न्यूमोकॉकल, नागीण या लशी बहुतेक खासगी डॉक्टरांकडे.

बाळाची तारीख चुकली. सगळं पहिल्यापासून करायचं?

नाही. जिथे थांबलं तिथून पुढे. लाजून घरी बसू नका, कुणी ओरडणार नाही. ओरडलंच तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा.

घ्यायची ठरवतो, पण राहूनच जातं. काय करावं?

हे बहुतेकांचं होतं. अमेरिकेतल्या एका कंपनीत कामगारांना फ्लूची लस फुकट होती, तरी साध्या पत्रानंतर ३३ टक्क्यांच्या आसपासच लोकांनी घेतली. ज्यांच्या पत्रात ‘कुठल्या दिवशी, किती वाजता जाणार ते इथे लिहा’ अशी रिकामी जागा होती, त्यांच्यात प्रमाण ३७ टक्क्यांवर गेलं. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. खर्च काय, तर कागदावरच्या एका रेघेचा.

तेव्हा ‘एकदा जाऊन येऊ’ असं म्हणू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वार, वेळ आणि बरोबर कोण येणार त्याचं नाव लिहा. बाजाराचा किंवा देवळाचा जो वार ठरलेला आहे, त्यालाच जोडून घ्या. आणि घरात ‘माझं काय राहिलंय’ म्हणणारं कुणी असेल, तर त्यांच्या तारखेशेजारी पुढचं कामही त्यांच्याच हाताने लिहून घ्या: बारसं, पेरणी, मैदान, जे असेल ते.